डायलिसिसवरील रुग्णाचा न्यूमोनिया

मूत्रपिंडे निकामी होऊन नियमित डायलिसिस घेणाऱ्या व्यक्तीच्या फुफ्फुसाला होणारा जंतुसंसर्ग. या रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराखालोखाल जंतुसंसर्गाचा क्रमांक लागतो. प्रतिकारशक्ती मंदावलेली असल्याने ताप बेताचाच येतो, कधी येतही नाही. धाप, ग्लानी आणि अन्नावरची वासना उडणे एवढ्यावरून दुखणे ओळखावे लागते.

निदानात पहिली फसगत पाण्यामुळे होते. लघवी होत नसल्याने दोन डायलिसिसच्या मधल्या काळात प्यालेले पाणी अंगात साठते, फुफ्फुसात उतरते आणि एक्स-रेवर न्यूमोनियासारखीच पांढरी छाया उमटते. वजनकाट्यावर रुग्ण ‘ड्राय वेट’पेक्षा (जादा पाणी काढून टाकल्यावरच्या वजनापेक्षा) तीन-चार किलो जास्त भरला, तर पाणी काढून पुन्हा एक्स-रे पाहतात. मात्र ताप, पिवळा बेडका किंवा घसरलेला रक्तदाब असेल, तर अँटिबायोटिक त्यासाठी अडवून ठेवू नये. डायलिसिससाठी मानेतल्या शिरेत घातलेल्या नळीतून (कॅथेटरमधून) जंतू रक्तात गेले असतील, तर दोन्ही फुफ्फुसांत गोलसर डाग दिसू शकतात. अशा वेळी रक्त कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवतात. फिस्च्युला (डायलिसिससाठी धमनी व शीर जोडून केलेला मार्ग) असलेल्या हाताला त्यासाठी सुई लावत नाहीत.

खरी मेख वेळापत्रकात आहे. एरवी मूत्रपिंडावाटे जाणारे औषध इथे अंगात साचत राहते आणि डायलिसिसचे यंत्र त्यातली बरीच औषधे चार तासांत ओढून नेते. म्हणून पहिला डोस पुरता देतात, पुढचे घटवतात किंवा लांबवतात, आणि डायलिसिसच्या दिवशीचा डोस यंत्रावरून उतरल्यावर देतात. सकाळी सातला मेरोपेनेम हे अँटिबायोटिक टोचून आठला रुग्णाला यंत्रावर घेतले, तर त्यातले बरेचसे गटारात जाते.

सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक पित्तावाटेही बाहेर पडते. त्याचा, ॲझिथ्रोमायसिनचा व डॉक्सिसायक्लिनचा नेहमीचा डोस सहसा बदलावा लागत नाही. लेव्होफ्लॉक्सासिन पहिल्यांदा ७५० मिलिग्रॅम, नंतर दर ४८ तासांनी ५०० असे देता येते. पण रक्तातले फॉस्फरस आटोक्यात ठेवण्यासाठी जेवताना घ्यायच्या कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतले, तर ते आतड्यातच अडकते. सेफेपिमचा डोस घटवला नाही तर हातापायांना झटके येतात, रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो. अमिकासिनसारख्या औषधांनी ऐकू येणे कमी होते आणि उरलीसुरली लघवीही जाऊ शकते. अंगदुखीला पॅरासिटामॉल बरे, आयबुप्रोफेन नको.

भारतात क्षयरोगाची शंका मनात ठेवावीच लागते, कारण डायलिसिसवर तो कित्येक पटींनी अधिक आढळतो. लेव्होफ्लॉक्सासिनने त्याची लक्षणे तात्पुरती दबतात आणि निदान लांबते. उपचारात आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन नेहमीच्याच प्रमाणात देतात, सोबत पायरिडॉक्सिन (ब-६ जीवनसत्त्व). पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल मात्र आठवड्यातून तीनदा, डायलिसिसनंतर. एथॅम्ब्युटॉल साचले तर डोळ्याच्या नसेला इजा होते, म्हणून दृष्टी आणि लाल-हिरव्या रंगांची ओळख अधूनमधून तपासतात.