गाईचं पांढरं कातडं सोलतंय? मलम मागण्याआधी एवढं वाचा

"गाईचं कातडं पापुद्र्यावाणी निघायलंय, मलम द्या." होळी झाली की आमच्या काउंटरवर हे रोजचंच. आम्ही मलम देतो. पंधरा दिवसांनी तेच गिऱ्हाईक परत येतं, औषध लागू पडलं नाही म्हणतं. गाय बांधता कुठं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "सावलीतच असते की."

ती सावली सकाळची असते. सात वाजता भिंतीच्या आडोशाला दावं बांधलं आणि माणूस रानात गेला. अकरापर्यंत सावली भिंतीच्या बुडाशी जाते, गाय राहते उन्हात. मेच्या मध्यावर तर आपल्या उदगीर-लातूर भागात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, भिंतीला सावलीच उरत नाही. कातडं भाजतं ते मुख्यतः १० ते ४ या वेळेत. तेवढा वेळ गाय उघड्यावर राहिली तर कुठलंही मलम, आमचं असो की दुसऱ्याचं, पाण्यात गेलं समजा.

"फॉगर (पाण्याचा बारीक फवारा) लावलाय" असंही काही जण सांगतात. जरूर लावा, धाप कमी होते, दूध टिकतं. पण कातडं भाजतं ते उन्हातल्या अतिनील किरणांनी, हवेच्या तापानं नव्हे. गार वारं सुटलेल्या, पातळ ढगांच्या दिवशीही ते चालूच असतं.

त्रास बहुतेक एचएफलाच (होल्स्टीन फ्रिजियन, काळी-पांढरी विदेशी गाय). तिच्या पांढऱ्या ठिपक्याखालचं कातडं गुलाबी असतं, त्यात रंग नसतो. आपल्या गावरान देवणी गाईचे केस पांढरे असले तरी खालचं कातडं सहसा काळपट असतं, म्हणून ती त्याच उन्हात निवांत रवंथ करते. एचएफची नाकपुडी, पापण्या, कास आणि सड आधी बघा. गाय आडवी बसली की कासेवर सरळ ऊन येतं. सड भाजलेली गाय धार काढू देत नाही. लाथ मारते म्हणून तिचे पाय बांधू नका, आधी सड बघा.

२०२२ पासून अंगावर काही दिसलं की लंपीची धास्ती बसते. लंपीत ताप येतो आणि गाठी काळ्या-पांढऱ्या सगळ्याच कातड्यावर उठतात. उन्हाचं भाजणं पांढरा पट्टा संपतो तिथं थांबतं, शेजारचं काळं कातडं धडधाकट असतं. ही खूण घरीच बघून या, तुमची एक चक्कर वाचेल.

आता महत्त्वाचं. पांढरंच कातडं गेलंय, पण सोबत डोळे-हिरड्या पिवळ्या, चारा सोडलेला, शेण घट्ट, असं असेल तर मलम मागूच नका. चारा संपला की जनावर बांधावरची घाणेरी (टणटणी) खातं आणि तिच्यानं यकृत बिघडतं. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात जे द्रव्य बनतं, ते चांगलं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. बिघडलेल्या यकृताला ते जमत नाही. मग ते रक्तातून कातड्यात येतं आणि थोड्या उन्हानंही कातडं जळतं. अशा गाईला अंधाऱ्या गोठ्यात बांधा, घाणेरी तोडा आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. आम्ही चिठ्ठीशिवाय इंजेक्शन देत नाही, यावरून कुणी कुणी रागावतात. रागावा, पण यकृताचं दुखणं काउंटरवरून बरं होत नाही.

साध्या भाजण्याला झिंक ऑक्साइडचं मलम चांगलं. कासेला लावलं तर धारेआधी सड धुवा. नाकावर ते टिकत नाही, गाय चाटून टाकते. जळकं ऑइल मात्र अजिबात नको. गाय तेही चाटते आणि ते पोटात जातं. कातडं फुटलं असेल तर माश्या हटवायचा फवारा सोबत न्या, नाहीतर अळ्या पडतात.

खरा इलाज शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी. ५० टक्के ऊन अडवणारी रोपवाटिकेला ठीक, गाईसाठी ७५ किंवा ९० टक्क्यांची घ्या. दहा फूट उंचीवर ताणा आणि पश्चिमेची बाजू खाली सोडा, तिकडूनच दुपारनंतरचं ऊन आत शिरतं. मलमाच्या चार डब्यांपेक्षा नेट महाग पडते, हे खरं. गोठ्याची लांबी-रुंदी मोजून आणा, आम्ही तेवढीच कापून देतो.