खाडीवरचा जुना पूल हादरा सोसेल का?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तोवर दख्खन स्थिर समजलं जाई. १९७० मध्ये देशाचा भूकंप-नकाशा सुधारला आणि कोयना परिसर जास्त धोक्याच्या श्रेणीत गेला. त्यामुळे कोकणातला त्याआधीचा पूल तपासताना मला वयापेक्षा दुसराच प्रश्न मोठा वाटतो: आखणाऱ्याने आडव्या धक्क्याचा हिशेब धरला होता का?

रोजचं ओझं वरून खाली येतं, भूकंप बाजूने हिसका देतो. कित्येक जुन्या पुलांत गर्डर (रस्ता पेलणारी आडवी तुळई) खांबाच्या माथ्यावर, बेअरिंगवर म्हणजे आधाराच्या उशीवर नुसता टेकलेला असतो. टेकण्याची जागा अरुंद असली तर खांब शाबूत राहूनही गर्डर घसरून पडतो. म्हणून आधी तिथे टेप लावून मापं घ्यावीत. उपायही आवाक्यातला आहे: माथ्यावर रोधक ठोकळे बांधायचे किंवा गर्डर पोलादी दोरांनी जखडायचे.

खांबाचं दुखणं अवघड. उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या रिंगा दूर दूर असतील, तर हादऱ्यात आतलं काँक्रीट फुटून बाहेर येतं. त्यात आपला खारा वारा! त्यातलं क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं, गंज फुगतो, पोपडे सुटतात. आणि रिंगा सगळ्यात बाहेर, म्हणून गंजही आधी त्यांनाच धरतो. भूकंपात ज्यांची खरी गरज, त्याच आधी झिजतात. पोपड्यांवर नुसतं प्लास्टर मारलेलं दिसलं की म्हणूनच जीव कासावीस होतो.

पायाचं बघायला ओहोटी गाठावी लागते. सावित्रीवरचा महाडचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, तेव्हापासून पुराची धास्ती सगळ्यांना आहे. पण प्रवाहाने पायाजवळची माती नेली की भूकंपाचं गणितही बदलतं. खांबाची उघडी उंची दुप्पट झाली तर त्याचा ताठरपणा साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. असा खांब सावकाश डुलतो, आणि खाडीतला खोल, मऊ गाळ नेमकी सावकाश कंपनंच वाढवतो.

हे डुलणं मोजायला भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. एसटी किंवा ट्रक गेला की पूल थरथरतो. खांबावर चिकटवलेला कंपनमापक ती थरथर टिपतो. पावसाळ्याआधीची आणि नंतरची नोंद शेजारी ठेवावी. एक हेलकावा पुरा व्हायला आता जास्त वेळ लागत असेल, तर पुढच्या ओहोटीला पाणबुड्याला त्या खांबाच्या बुडाशी उतरवायचं.