ऑनलाइन नकाशे आणि आभासी पृथ्वीगोल : वाट शोधण्यापलीकडचा उपयोग

आमच्याकडे नकाशांचे काम घेऊन येणारे बहुतेक ग्राहक ऑनलाइन नकाशा रोज वापरतात, परंतु तो वाट शोधण्यापुरताच. एखादी जागा काही वर्षांपूर्वी कशी होती हे पाहणे, उताराचा अंदाज घेणे, क्षेत्रफळ मोजणे ही कामेही त्याच विनामूल्य साधनांनी घरबसल्या करता येतात, हे अनेकांना ठाऊक नसते. मात्र पडद्यावर दिसणारे चित्र केव्हाचे आहे आणि ते किती अचूक आहे, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावे लागतात, आणि हे माहितीपत्रक त्यांच्यासाठीच आहे.

चित्र केव्हाचे आहे?

गूगल अर्थसारख्या आभासी पृथ्वीगोलावर दिसते ते थेट दृश्य नव्हे. उपग्रहांनी आणि विमानांनी वेगवेगळ्या दिवशी टिपलेली छायाचित्रे जोडून ते तयार केलेले असते, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन तुकड्यांत काही वर्षांचे अंतर असू शकते. ‘गूगल अर्थ प्रो’ हा संगणकावरचा कार्यक्रम 2015 पासून विनामूल्य आहे. त्यात जागेच्या पुरेसे जवळ गेल्यावर छायाचित्राची तारीख खालच्या पट्टीत दिसते. वरच्या पट्टीतील घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारली की जुनी छायाचित्रे उघडतात आणि सरकपट्टीने एकेक वर्ष मागे जाता येते.

आमच्या मते हीच या साधनाची सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित सोय आहे. नवीनतम छायाचित्र सर्वांत उपयोगी असतेच असे नाही. सूर्य कलता असताना घेतलेल्या चित्रात लांब सावल्यांमुळे बुटके बांध आणि जुन्या भिंतींचे उंचवटे उठून दिसतात. जमिनीखाली पाया किंवा बुजलेला चर असेल, तर वरच्या पिकाची वाढ कमीजास्त होऊन त्याची आकृती वरून ओळखू येते, म्हणून पुरातत्त्वज्ञ अशा छायाचित्रांकडे बारकाईने पाहतात. एकाच जागेची चार-पाच चित्रे पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

मोठ्या प्रदेशातील बदल पाहायचा असेल, तर गूगल अर्थमधील ‘टाइमलॅप्स’ 1984 पासूनची वर्षे सलग दाखवतो. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी शेतीकडे वळवल्याने मध्य आशियातील अरल समुद्र कसा आक्रसत गेला, हे त्यात स्पष्ट दिसते. यासाठी वापरलेल्या लँडसॅट उपग्रहांच्या बहुतेक प्रतिमांमध्ये एक ठिपका जमिनीवरील सुमारे 30 मीटरच्या चौकोनाइतका असतो, म्हणून त्यात आपले घर शोधू नये. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांच्या प्रतिमाही विनामूल्य मिळतात. त्यांचा सर्वांत बारीक ठिपका 10 मीटरचा असतो.

निर्देशांक (जागेचे अक्षांश-रेखांश) लिहिताना

आमच्याकडे येणाऱ्या फाइलींत सर्वाधिक चुका येथे आढळतात. 40 अंश 30 मिनिटे म्हणजे दशांशात 40.5 अंश, 40.30 नव्हे, कारण एका अंशात 60 मिनिटे असतात. अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा असल्याने एवढ्याशा चुकीने जागा तब्बल 22 किलोमीटर सरकते. दुसरी चूक क्रमाची असते. नकाशाच्या शोधचौकटीत आधी अक्षांश आणि मग रेखांश लिहितात, परंतु केएमएल फाइलीच्या (नकाशावरील खुणा आणि रेषा साठवणाऱ्या फाइलीच्या) आत रेखांश आधी असतो. फाइल हाताने तयार केली आणि खूण भलत्याच ठिकाणी उमटली, तर प्रथम हा क्रम तपासावा.

दशांशचिन्हानंतर पाच अंक पुरेसे होतात, कारण पाचवा अंक सुमारे एक मीटर दाखवतो. मोकळ्या आकाशाखालीही मोबाइलने दाखवलेली जागा साधारण पाच मीटर इकडेतिकडे असू शकते, त्यामुळे आठ अंक लिहिल्याने अचूकता वाढत नाही.

अंतर, क्षेत्रफळ आणि उंची

पडद्यावरील सपाट नकाशे बहुधा मर्केटर प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट पृष्ठावर मांडण्याच्या एका पद्धतीवर, आधारलेले असतात. त्यात ध्रुवांकडे जावे तसे भूभाग फुगत जातात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे 14 पट आहे. म्हणून अंतर नजरेने न ठरवता मोजपट्टीचे साधन वापरावे, कारण ते पृथ्वीची गोलाई धरून हिशोब करते.

मार्गरेषा आखून तिच्यावर उजवी टिचकी मारली, तर गूगल अर्थ प्रो त्या मार्गाच्या चढउताराचा आलेख काढून देतो. त्यावर पूर्ण विसंबू मात्र नये. जगभर वापरल्या जाणाऱ्या उंचीच्या माहितीचा एक मोठा स्रोत म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अमेरिकी अंतराळयानाने 11 दिवसांत केलेले रडार सर्वेक्षण. दाट जंगलात रडारची लहर जमिनीपर्यंत न पोचता पर्णसंभारावरून परतते आणि उंची जास्त भरते. डोंगर अवास्तव ताठ दिसत असतील, तर सेटिंगमधील उंचीची वाढ 1 वर आहे ना, हे पाहावे.

उंच इमारती तिरक्या छायाचित्रात कलंडलेल्या दिसतात, त्यामुळे खूण गच्चीवर न करता इमारतीच्या पायथ्याशी करावी. संपूर्ण छायाचित्रच काही मीटर सरकलेले असू शकते. या कारणास्तव जमिनीच्या हद्दीचा वाद या साधनांवर सोडवू नये. त्यासाठी प्रत्यक्ष मोजणीच करावी लागते.

जतन करणे आणि आमच्याकडे पाठवणे

गूगल अर्थ प्रोमध्ये ‘टेम्पररी प्लेसेस’मध्ये राहिलेल्या खुणा कार्यक्रम बंद करताना जतन केल्या नाहीत तर नाहीशा होतात. त्या ‘माय प्लेसेस’मध्ये हलवून केएमझेड (केएमएलचे आटोपशीर, संकुचित रूप) फाइल म्हणूनही साठवाव्यात. 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेल्या ऑनलाइन नकाशामध्ये चुकलेली पायवाट किंवा नाव कोणालाही दुरुस्त करता येते. त्याचा नकाशा छापताना स्रोताचा उल्लेख करणे बंधनकारक आहे.

काम सोपवताना स्क्रीनचे छायाचित्र न पाठवता केएमझेड फाइल पाठवावी, आणि आपण ज्या छायाचित्रावर खुणा केल्या त्याची तारीख फाइलीच्या नावातच लिहावी.