पार्श्वभूमी : मोनोट्रोपावरचा 'शवोपजीवी' शिक्का

हिमालयातल्या सावलीच्या जंगलात पालापाचोळ्यातून वर येणारा मेणचट पांढरा मोनोट्रोपा आपल्याकडे बहुतेकांना भेटतो तो 'शवोपजीवी वनस्पतींची उदाहरणे' या ओळीतच; शवोपजीवी म्हणजे मेलेल्या, कुजक्या पदार्थांवर जगणारी. कुजक्या पाल्यात उगवतो, अंगात हरितद्रव्य नाही, म्हणजे पाल्यावरच जगत असणार, हा जुना तर्क. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये त्याच्या युरोपीय भाईबंदावरून वाद झाला होता : तो बीच वृक्षाच्या मुळांवरचा परजीवी, की नाही? पुढे १८८० च्या सुमारास एका पोलिश अभ्यासकाने सांगितले की मुळांभोवती बुरशीचे वेष्टन असते आणि अन्न तीच पुरवते.

निर्णायक प्रयोग १९६० मधला, स्वीडनमधला. किरणोत्सारी कार्बन असलेली साखर स्प्रूस व पाइनच्या खोडांत टोचली आणि ती जवळच्या मोनोट्रोपात उतरलेली सापडली. म्हणजे साखर जिवंत झाडाची, वाहतूक बुरशीची. 'शवोपजीवी' हा शब्द खरे तर तेव्हाच बाद व्हायला हवा होता. तो टिकला. १९९४ च्या एका विस्तृत आढाव्याने चारशेहून अधिक जाती 'कवकपरपोषी', म्हणजे बुरशीकडून अन्न मिळवणाऱ्या, या नावाखाली आणल्या, पण तिथेही शीर्षकात जुना शब्द अवतरणचिन्हांत ठेवावाच लागला. आपल्या परीक्षांच्या गाइडांना अवतरणचिन्हांचीही गरज वाटत नाही.

गुंता इथे संपत नाही. पश्चिम घाटातही आढळणारे एपिपोजियम रोझियम हे बिनपानी ऑर्किड ज्या बुरशांवर पोसते, त्या खरोखरच कुजके पदार्थ फस्त करणाऱ्या. मग जुना शब्द निदान इथे तरी चालेल, असा युक्तिवाद होतो. तो पटण्यासारखा नाही : कुजवण्याचे काम बुरशीचे, ऑर्किड फक्त तिला लुबाडते. पावसाळ्यात घाटावर गवताच्या मुळांशी थेट जोडून घेणारी एजिनेशिया मात्र सरळ परजीवी. तिला या यादीत ओढू नये.

डीएनए अभ्यासांनी १९९८ मध्ये मोनोट्रोपाचे वेगळे कुळ मोडून त्याला ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळात बसवले. २०१५ मध्ये एपिपोजियमच्या हरितलवकाचा (पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या घटकाचा) जनुकसंच वाचला गेला. एरवी साधारण दीड लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) असणारा हा संच तिथे एकोणीस हजारांच्या आसपास उरला होता आणि प्रकाशसंश्लेषणाची जनुके त्यातून गेली होती.