वॉटर जेट ड्रिलिंग

वॉटर जेट ड्रिलिंग म्हणजे बारीक नोझलमधून जबरदस्त प्रेशरने पाणी सोडून त्याच्या माऱ्याने जमिनीत बोअर पाडायची पद्धत. यात बिट फिरवून किंवा हॅमर आपटून दगड फोडत नाहीत, धारच माती-दगडाचे कण सुटे करते आणि तेच पाणी परत वर येताना गाळ घेऊन येतं. कोल्हापूर भागात बोअर म्हटलं की आठवते ती कंप्रेसरची गाडी, भोकाच्या तळाशी हवेच्या जोरावर आपटणारा डीटीएच हॅमर आणि शेजारपाजारच्या घरांवर बसलेली राखाडी भुकटी. जेटचं नाव इथं फारसं ऐकू येत नाही आणि त्याला कारण आपल्या पायाखालचा कातळ.

नोझलच्या मागं 100 बार प्रेशर (1 बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा) असेल तर हिशेबाने धार सेकंदाला साधारण 140 मीटरने सुटते, 1000 बारला साधारण 450. म्हणजे प्रेशर दहापट केलं तरी वेग तिपटीच्या थोडा वरच जातो. ही धार दगडावर आदळली की पाणी बारीक भेगांत आणि छिद्रांत घुसतं, आतून दाब देतं आणि कण उचकटून काढतं. पण प्रत्येक दगडाची एक मर्यादा असते, त्याच्या खालच्या प्रेशरला तासभर धार मारत बसला तरी दगड फक्त धुऊन निघतो. मुरूम, माती, सच्छिद्र वाळूखडक यांची मर्यादा कमी. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट, घट्ट असला तर त्याची दाब सोसायची ताकद 1000 ते 3000 बारच्या घरात आणि आत पाणी शिरायला छिद्रंच नाहीत. त्यातही लाव्ह्याचे थर एकावर एक, मध्येच पोकळ्यांचा मांजऱ्या लागतो, मध्येच लाल गेरू. गेरूत धार मारली तर भोक पडेल खरं पण बाजूही ढासळेल.

आता कुणीही विचारणार की शिरोली एमआयडीसीत वॉटरजेटने जाड लोखंडी प्लेट कापतात मग दगड का नाही? प्रश्न बरोबर आहे. पण त्या मशीनचं प्रेशर 4000 बारच्या आसपास, पाण्यात गार्नेटची वाळू मिसळलेली, नोझल प्लेटपासून दोन-चार मिलिमीटरवर आणि कापायची चीर असते जेमतेम मिलिमीटरभर. बोअरमध्ये चीर नाही, अख्खा दगड बाहेर काढायचा असतो. साडेसहा इंची, 300 फुटी बोअर म्हणजे जवळजवळ 2 घनमीटर दगड, वजनात साडेपाच टनांच्या आसपास! शिवाय बोअर पाण्याने भरलेला असला की धार हवेतल्यासारखी लांब जात नाही, नोझलपासून थोड्याच अंतरावर आजूबाजूच्या पाण्यात मिसळून तिचा जोर संपतो. आणि 1000 बारला मिनिटाला फक्त 60 लिटर पाणी सोडायचं म्हटलं तरी 100 किलोवॅट, म्हणजे 134 एचपी लागतात, तेही पंपातला घाटा न धरता. हॅमर तेवढ्या डिझेलमध्ये कितीतरी जास्त दगड काढतो, त्यामुळं कातळात नुसत्या जेटने उभा बोअर मारून देतो असं कुणी म्हणाला तर आधी त्याला दुसरीकडं मारलेला बोअर दाखवायला सांगा.

मऊ जमिनीत मात्र चित्र वेगळं. शिरोळकडं कृष्णा-पंचगंगेच्या काठाला नदीच्या गाळाची खोल जमीन आहे, तिथं कमी प्रेशरचा जेटसुद्धा पाइप खाली घालायला पुरतो. बिल्डिंगच्या पायासाठी माती तपासतात तेव्हा वॉश बोरिंग करतात ते याच घराण्यातलं, रॉडमधून पाणी सोडायचं, टोकाने खाली ठोकत जायचं आणि वर आलेला गाळ बघायचा. रस्ता न खोदता खालून केबल किंवा गॅसची पाइप नेतात त्या एचडीडी म्हणजे आडवा बोअर मारणाऱ्या मशीनलाही मऊ मातीत पुढं जायला टोकाच्या जेटचीच मदत होते. तिथं साध्या पाण्याऐवजी बेंटोनाइट नावाची चिकणमाती कालवलेलं पाणी वापरतात, कारण ते थांबलं की घट्टसर होतं आणि भोकाच्या बाजू धरून ठेवतं.

तेलविहिरींत याचा सगळ्यात डोकेबाज वापर आहे, त्याला रेडियल जेट ड्रिलिंग म्हणतात. आधीच्या उभ्या विहिरीच्या केसिंगला, म्हणजे आत बसवलेल्या लोखंडी पाइपला, खाली बारीक भोक पाडायचं, त्यातून लवचिक होज आडवा सोडायचा, नोझलच्या पुढच्या धारा दगड कोरतात आणि मागं तोंड केलेल्या धारा होजला पुढं ओढतात. महापालिकेची जेटिंग गाडी ड्रेनेज साफ करते तेव्हा होज आपोआप आत सरकतो ना, अगदी तसंच. असे आडवे बोअर 100 मीटरपर्यंत जातात, मात्र दगड त्या जातीचा हवा. आपल्याकडं विहिरीत मशीन उतरवून आडवे बोअर मारतात त्यामागची कल्पना हीच, पाण्याच्या भेगा गाठायच्या, फक्त तिथं काम बिट करतं, जेट नाही.

धोका कमी लेखू नये. फुटलेल्या होजमधली बारीक धार कातडीतून आत घुसते, बाहेर टाचणीएवढी जखम दिसते आणि आत पाणी, घाण पसरलेली असते, अशा वेळी मलम लावून घरी न बसता थेट ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं.

गावाकडं हायड्रोफ्रॅक्चरिंगलाही लोक जेटचा बोअर म्हणतात, पण ते वेगळं. त्यात नवीन भोक पडत नाही. जुन्या, पाणी कमी झालेल्या बोअरमध्ये रबरी पॅकर फुगवून बूच मारतात आणि खाली प्रेशरने पाणी ढकलून बुजलेल्या भेगा मोकळ्या करतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम करते. जवळपास भेगाच नसतील तर मात्र त्यानेही पाणी वाढत नाही.