ट्रॅक्टर रोखीने घ्यावा की कर्जावर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

ट्रॅक्टर रोखीने घ्यायचा की कर्जावर, हे नुसता व्याजदर पाहून ठरवू नका. पैसे भरून झाल्यावर जूनमध्ये हातात काय उरतं, ते आधी बघा. एका हंगामाचं बियाणं, खत, मजुरी आणि वर्षाचा घरखर्च बाजूला काढूनही ट्रॅक्टरची किंमत निघत असेल, तर रोखीने घ्या, कर्जाच्या नादी लागू नका. निघत नसेल तर जेवढे कमी पडतात तेवढंच कर्ज काढा. सगळी पुंजी शोरूमला देऊन पेरणीच्या तोंडावर सावकाराकडे जाणारी घरं गावोगाव आहेत. सावकाराचं महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. बँकेचं व्याज वाचवायला गेलं आणि त्याच्या तिप्पट-चौपट अंगावर आलं, असं होऊ नये.

पीककर्जाचाही विचार याच वेळी करायचा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे राज्यात ते शून्य टक्क्याने पडतं. ट्रॅक्टरच्या कर्जाला ही सवलत नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी पीककर्ज थकवणं हा सगळ्यात महागडा व्यवहार.

रोख म्हणजे नोटा नव्हेत

रोखीने घेणार असाल तरी पैसे खात्यातूनच द्यावे लागतात. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांमध्ये घ्यायला विक्रेत्याला मनाई आहे. आरटीजीएस, एनईएफटी किंवा धनादेश हाच रस्ता. सरकारी अनुदान घ्यायचं असेल तर पैसे अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यातून गेलेले दिसले पाहिजेत, भावाच्या किंवा मुलाच्या खात्यातून नव्हे.

रोखीचा खरा फायदा घासाघीस करताना होतो. कोटेशन घेताना ट्रॅक्टरची किंमत, विमा, आरटीओचा खर्च आणि औजारं असं सगळं वेगवेगळं लिहून मागा. ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो तसाच लावलाय का ते पाहा. ‘साहेब, फायनान्स करा, एक रुपया भरायची गरज नाही’ असं ऐकायला आलं, तर रोखीची किंमत आणि कर्जाची किंमत दोन वेगळ्या कागदांवर लिहून घ्या. मग बोला.

हप्त्याचा हिशेब

समजा ट्रॅक्टर आठ लाखांचा आहे. दोन लाख तुमचे, सहा लाख कर्ज, पाच वर्षं, सहामाही हप्ते. दर १० टक्के असेल तर हप्ता साधारण ७७,७०० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ७७ हजार. दर १६ टक्के असेल तर हप्ता ८९,४०० आणि व्याज २ लाख ९४ हजार. म्हणजे सहा टक्क्यांच्या फरकाने सव्वा लाखाच्या जवळपास रक्कम जाते. खाजगी फायनान्स दोन दिवसांत गाडी दारात उभी करतं, बँक महिनाभर फिरवते, हे खरं आहे. पण त्या महिन्याची किंमत एवढी आहे.

‘फक्त नऊ टक्के’ असं सांगितलं, तर तो दर फ्लॅट आहे का ते विचारा. फ्लॅट म्हणजे मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज पूर्ण सहा लाखांवरच. पाच वर्षांचं व्याज २ लाख ७० हजार, हप्ता ८७,०००. उतरत्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर पावणेपंधरा टक्क्यांच्या घरात जातो. ही फसगत ओळखायची सोय आता आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, कर्ज देण्याआधी मुख्य तथ्य पत्रक द्यावं लागतं. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो, ते त्यात लिहिलेलं असतं. तो आकडा पाहिल्याशिवाय सही करू नका. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, तेही त्याच कागदावर शोधा. आणि कोऱ्या कागदांवर सह्या देऊ नका. ‘नंतर भरून घेतो’ म्हणणारा माणूस ओळखीचा असला तरी नाही.

हप्ता मासिक, तिमाही की सहामाही, हे तुमच्या पिकावर ठरवा. उसाचं बिल, सोयाबीन-कापसाचा पैसा ज्या महिन्यात येतो, त्याच्या पुढच्या महिन्यात हप्ता पडला पाहिजे. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येत असेल तरच मासिक हप्ता परवडतो.

अनुदान: आधी पूर्वसंमती, मग खरेदी

अनुदानाचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी शेतकरी पोर्टलवर, कृषी यांत्रिकीकरण या बाबीखाली करायचा. त्यासाठी अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक (सरकारी शेतकरी नोंदणीतला) हवा. तो नसेल तर आधी सीएससी केंद्रावर काढून घ्या. आधार बँक खात्याला जोडलेलं हवं. अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ अशी पद्धत आहे, त्यामुळे अर्ज लवकर टाकण्याला अर्थ आहे.

अनुदानाची मर्यादा राज्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या ४० टक्के किंवा १ लाख, आणि अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प व अत्यल्प भूधारकांना ५० टक्के किंवा १ लाख २५ हजार, यातली कमी असेल ती रक्कम, अशी राहिली आहे. आठ लाखांच्या ट्रॅक्टरला निम्मे पैसे सरकार देणार, हा समज डोक्यातून काढून टाका. पत्नीच्या नावावर सातबारा असेल तर तिच्या नावाने अर्ज करता येतो, पण मग बिल, आरसी बुक आणि खातंही तिच्याच नावाचं लागतं.

निवड झाल्याचा संदेश आला की सातबारा, ८-अ, कोटेशन, त्या मॉडेलचा मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल आणि लागू असेल तर जातीचा दाखला अपलोड करायचा. त्यानंतर पूर्वसंमती, म्हणजे खरेदी करायची परवानगी, मिळते. तिच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान गेलं. दसरा-पाडव्याचा मुहूर्त गाठायच्या घाईत अनेकांचं असंच जातं. पूर्वसंमतीनंतर दिलेल्या मुदतीत खरेदी करून बिल अपलोड करा, कृषी विभागाचे कर्मचारी मोका तपासणी करतात आणि मग रक्कम खात्यात येते. म्हणजे पूर्ण पैसे आधी तुम्हालाच भरावे लागतात. अनुदान धरून हिशेब जुळवू नका, ते उशिरा येतं.

अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टरसाठी समाजकल्याणची ९० टक्के अनुदानाची वेगळी योजना आहे. त्याची चौकशी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त कार्यालयात करा. ‘पीएम किसान ट्रॅक्टर योजना’ या नावाने फिरणाऱ्या लिंकवर मात्र आधार किंवा पैसे देऊ नका. केंद्राची अशी योजना नाही.

बँकेची फाईल

बँका आधी जमीन बघतात. अनेक ठिकाणी किमान दोन एकरांची अट असते. सिबिल (आधीची कर्जं कशी फेडली याचा गुणांक) आणि थकबाकीही तपासतात. फाईलला सातबारा, ८-अ, फेरफार, चतुःसीमा (जमिनीच्या चारही बाजूंना काय आहे त्याचा कागद), आधार, पॅन, फोटो, कोटेशन, विकास सोसायटीचा आणि आसपासच्या बँकांचा बेबाकी दाखला (काही येणं बाकी नाही असा), आणि मागितला तर जामीनदार एवढं लागतं. जमीन गहाण ठेवायची असेल तर बँकेच्या पॅनेलवरचा वकील जुन्या नोंदी तपासून सर्च रिपोर्ट देतो. सर्वात जास्त वेळ इथे जातो.

सामाईक सातबारा असेल तर सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. भावाचा किंवा बहिणीचा होकार बँकेत जाण्याआधी घ्या, मॅनेजरसमोर वाद नको. वडील वारले आणि वारस नोंद झाली नसेल तर फाईल तिथेच थांबते.

अनुदान आणि कर्ज दोन्ही घ्यायचं असेल तर सर्च रिपोर्टपर्यंतची तयारी आधीच करून ठेवा. कारण पूर्वसंमतीची मुदत चालू झाल्यावर बँक तुमच्यासाठी धावत नाही. कर्जाची रक्कम बँक थेट विक्रेत्याला देते. तुमच्या वाट्याची रक्कम भरल्याची पावती जपून ठेवा.

व्याज परत मिळत असेल तर

मराठा समाजातील अर्जदारांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. कर्ज १५ लाखांपर्यंत, व्याज १२ टक्क्यांपर्यंत, परतावा जास्तीत जास्त साडेचार लाख आणि सात वर्षं. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं. कर्ज मंजूर होण्याआधी महामंडळाच्या पोर्टलवरून पात्रता प्रमाणपत्र काढायचं असतं. हप्ता तुम्ही वेळेत भरायचा, त्यातलं व्याज नंतर परत येतं. हप्ता थकला की परतावाही थांबतो. ट्रॅक्टरसाठी त्या वेळी कोणत्या अटी आहेत, ते जिल्हा समन्वयकाकडून लेखी घ्या. या योजनेत बसत असाल तर रोख हातात असूनही कर्ज घेणं शहाणपणाचं आहे.

गाडी दारात आल्यावर

आरसी बुकवर बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढतो, गहाण असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कातही चढतो. ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी लागते, ती राहून जाते आणि अपघात झाला की विमा अडतो.

शेवटचा हप्ता भरला की काम संपत नाही. बँकेकडून बेबाकी दाखला, आरटीओसाठी फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा) आणि गहाणखताचं मुक्तिपत्र घ्या. फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवा, आणि महसूल विभागाच्या ई-हक्क प्रणालीवर अर्ज करून सातबाऱ्यावरचा. फेरफार मंजूर झाल्यावर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि इतर हक्काच्या रकान्यातून बँकेचं नाव गेलंय ना, ते स्वतः वाचा.