गरोदरपणातली मळमळ-उलटी : खाणं आणि पाणी

गरोदरपणातल्या मळमळीत काय खायचं, केव्हा खायचं आणि मुख्य म्हणजे पाणी पोटात कसं टिकवायचं याचं हे शास्त्र. दहातल्या सात-आठ जणींना हा त्रास होतो, साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो, नवव्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेकींचा सोळा ते वीस आठवड्यांत ओसरतो. मॉर्निंग सिकनेस या नावावर जाऊ नका, तो दुपारी होतो, संध्याकाळी होतो, रात्री झोपेतून पण उठवतो.

"मनाचे खेळ आहेत" असं बायकांना वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं, ते साफ चूक आहे. बाळ आणि वार यांच्याकडून जीडीएफ-१५ नावाचं हार्मोन आईच्या रक्तात येतं आणि मेंदूच्या तळाशी जिथं उलटीची सूत्रं हलतात तिथं जाऊन काम करतं. मार्लेना फेजो (यांना स्वतःला हा त्रास टोकाचा झाला होता) आणि स्टीफन ओराहिली या संशोधकांच्या टीमनं डिसेंबर २०२३ मध्ये दाखवून दिलं की गरोदर राहण्याआधी जिच्या शरीरात हे हार्मोन कमी असतं तिला ते अचानक वाढल्यावर झेपत नाही आणि त्रास जास्त होतो. त्यात प्रोजेस्टेरॉनमुळे जठर सुस्तावतं, खाल्लेलं वरच राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या आठवड्यांत चौरस आहाराचा हट्ट सोडायचा. बाराव्या आठवड्यात बाळ जेमतेम १४ ग्रॅमच्या आसपास असतं, त्याची उष्मांकांची गरज अगदी थोडी, त्यामुळे "बाळाला काही मिळत नाहीये" म्हणून रडणाऱ्या बाईला हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. क्रम असा, आधी पाणी, मग क्षार, मग एक-दोन जीवनसत्त्वं आणि मग जे पोटात टिकेल ते अन्न.

पाणी ग्लासभर एकदम प्यायलं की जठर ताणलं जातं आणि सगळं बाहेर. म्हणून चमच्यानं. दोन चहाचे चमचे म्हणजे १० मिली, दर पाच मिनिटांनी घेतले तर तासाला १२० मिली, जागेपणीच्या बारा तासांत जवळजवळ दीड लिटर होतं, हे हिशोबानं बघितलं की धीर येतो. साधं पाणी तोंडात घेताच उमासा येत असेल तर गार करून, लिंबू पिळून, नाहीतर बर्फाचा खडा चघळून बघायचं. उलट्या जास्त असतील तर ओआरएस (मीठ-साखरेची जलसंजीवनी), कारण उलटीतून पोटॅशियम आणि क्लोराइडही जातं आणि आतड्यात सोडियम ग्लुकोजचा हात धरून आत शिरतं, त्यांच्यामागं पाणी जातं. पाकीट सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण घालायचं, अंदाजानं पातळ-घट्ट नाही. जेवताना पाणी नको, अर्धा तास आधी किंवा नंतर.

खाण्यात रिकामं पोट हा शत्रू. उशाशी कोरडं बिस्किट किंवा टोस्ट ठेवून, उठून बसायच्या आधी दोन घास, मग दर दीड-दोन तासांनी थोडंसं. तळलेलं जठरात रेंगाळतं, ते टाळायचं. प्रथिनं थोडी जरी गेली, अंडं, दही, दाणे, तरी मळमळ कमी होते असं बऱ्याच जणींना जाणवतं. गरम अन्नाची वाफ नाकात गेली की संपलं, म्हणून गार खाणं सोपं जातं, आणि शक्य असेल तर स्वयंपाक दुसऱ्यानं करावा, हा लाड नाही, उपचारच आहे.

आलं दिवसाला १ ग्रॅम पावडरीच्या हिशोबानं सौम्य मळमळीला उपयोगी पडतं. बी-६ जीवनसत्त्व १० ते २५ मिलिग्रॅम दिवसातून तीन-चार वेळा, एकटं किंवा डॉक्सिलामीन या ॲलर्जीवरच्या औषधाबरोबर, हा जुना आणि सुरक्षित समजला जाणारा उपाय, पण डॉक्टरांना विचारून. लोहाच्या गोळीनं मळमळ वाढत असेल तर डॉक्टर ती काही आठवडे थांबवतात, फॉलिक ॲसिड मात्र चालू ठेवायचं. उलटीनंतर लगेच ब्रश नको, आम्लानं दातांचं कवच मऊ झालेलं असतं, नुसती चूळ भरायची.

दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नाही, आठ तास लघवी नाही किंवा ती गडद पिवळी, उभं राहिलं की चक्कर, वजन आधीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त घटलंय, यातलं काहीही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, ही हायपरएमेसिसची, म्हणजे टोकाच्या उलट्यांच्या आजाराची लक्षणं आहेत आणि सलाईन लागू शकतं. शरीरातला थायामिन म्हणजे बी-१ चा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो, आणि तो संपलेला असताना ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून बाई कितीतरी दिवस उपाशी असेल तर सोबतच्या माणसानं डॉक्टरांना ते आकड्यात सांगावं, आणि ग्लुकोजच्या आधी थायामिन दिलंय का हे न लाजता विचारावं.